सतरा वर्षांच्या पोराचा घोटा

जुलै १९८५, विम्बल्डन. सेंटर कोर्टच्या रांगेत उभे राहू नका. बाहेरच्या कोर्टांकडे या. कठड्यापाशी जागा दिसली की घुसा, कारण चौथा सेट संपत आलाय.

चेंडू पांढरा दिसतोय म्हणून डोळे चोळू नका. पिवळे चेंडू इथे पुढच्या वर्षी येतील. पंचांचा निर्णय पटला नाही तर मोठ्या पडद्यावर दाखवायचीही सोय नाही. हात वर करून पुटपुटायचं आणि पुढचा पॉइंट खेळायचा.

पलीकडे अमेरिकेचा टिम मेयॉट. सोळावं मानांकन, सेट दोन-एक असे त्याच्या बाजूने. अलीकडे लालसर केसांचा, दणकट मांड्यांचा पोरगा आहे तो बोरिस बेकर. त्याला मानांकनच नाही. हायडेलबर्गजवळच्या लायमेन गावचा, आर्किटेक्टचा मुलगा. ज्या टेनिस केंद्रात घडला, ते वडिलांनीच उभारलेलं. गेल्या महिन्यात इथेच लंडनला क्वीन्स क्लबची स्पर्धा जिंकला, तेव्हापासून जाणकारांनी कान टवकारलेत. तरी मागच्याच फेरीत त्याचा गाशा गुंडाळला जायचा. स्वीडनचा न्यूस्ट्रॉम पाचव्या सेटमध्ये दोनदा सामना जिंकण्यासाठी सर्व्हिस करत होता, आणि दोन्ही वेळा या पठ्ठ्याने ती मोडली. शेवट ९-७.

सर्व्हिस बघा त्याची. गुडघे खोल वाकतात, पाठ कमानते आणि चेंडू सुटायच्या आत तो जाळीकडे निघालेलाही असतो. हात पोचत नाही असं दिसलं की सरळ झोकून देतो. हिरवळीवर सपशेल आडवा! शर्टाला माती, ढोपरांना हिरवे डाग. कपडे धुणाऱ्याची दया येते.

आणि मग वळताना पाय दुमडतो.

आवाज तुम्हाला ऐकू येत नाही, पण चेहरा दिसतो. त्या चेहऱ्यावर फक्त आत्ताची कळ नाही. गेल्या वर्षी याच गवतावर, बिल स्कॅनलनविरुद्ध, घोट्याचं लिगामेंट फाटलं होतं आणि त्याला स्ट्रेचरवरून बाहेर नेलं होतं. तो एका पायावर लंगडत जाळीकडे निघतो. हात मिळवायचा, सामना सोडायचा, संपलं. सतराव्या वर्षी दुखणं सोसून विचार करायला उसंत कुठली?

आता मेयॉटकडे बघा. तो अजून मागे, बेसलाइनपाशीच आहे. जाळीपाशी उभा असता तर हात मिळाले असते, आणि बेकर हे नाव आपण आणखी दोन-तीन वर्षांनी ऐकलं असतं, कदाचित नसतंही. तेवढ्या पावलांच्या अवधीत प्रेक्षकांतून ओरडा येतो. झुपकेदार मिशांचा तो मॅनेजर इयॉन तिरिआक, शेजारी कोच ग्युंटर बॉश. वेळ माग, उपचार घे! नियमात तीन मिनिटं मिळतात. फिजिओ येईपर्यंत बसायला मिळतं ते वेगळंच.

मेयॉटची चूक काहीच नाही, खरं तर त्याच्यावर अन्यायच झाला. ताल बसलेला माणूस वाट बघत राहिला की हात थंड पडतात. घोट्याला पट्टी बांधून बेकर उठतो, चौथा सेट टायब्रेकवर काढतो आणि पाचवा ६-२.

लोक अंतिम सामन्याबद्दल बोलतात. ७ जुलै, मॅकेन्रो आणि कॉनर्स दोघांनाही घरी पाठवून आलेला केव्हिन करन, आणि त्याला हरवणारा १७ वर्षं २२७ दिवसांचा पहिला बिगरमानांकित विजेता. जर्मनीचा तर पहिलाच पुरुष विजेता. मला विचाराल तर ती सगळी मिरवणूक आहे. लग्न इथे लागलं.

त्याला हाक मारून पुढचं सांगायचा मोह होईल. यश कळलं तर बिघडेल, आणि २०२२ मध्ये लंडनमध्येच होणारी अडीच वर्षांची कैद कळली तर विश्वास ठेवणार नाही. गप्प बसा. पुढच्या फेरीत फ्रान्सचा लकॉन्त आहे, डावखुरा आणि लहरी. फायनलचं तिकीट तुम्हाला मिळायचं नाही, पण त्या सामन्याला अजून जागा असेल.