गोल्ड बेसिन अशनी: सोन्याच्या शोधात सापडलेले अंतराळातले दगड

अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या वायव्येला गोल्ड बेसिन हा कोरडा, दगडगोट्यांचा प्रदेश आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये जिम क्रीग हे निवृत्त अभियांत्रिकी प्राध्यापक तिथे मेटल डिटेक्टर घेऊन सोने शोधत होते. यंत्र वाजले, पण जमिनीतून निघाले गंजलेले तपकिरी दगड. ते अशनी होते, म्हणजेच अंतराळातून पृथ्वीवर पडलेले दगड.

दगड असून डिटेक्टर का वाजला?

हा अशनी ‘एल४ कॉन्ड्राइट’ या प्रकारचा आहे. तो दगडी असला, तरी त्यात लोह-निकेलचे बारीक कण असतात. यंत्राला तेच जाणवतात. हेच लोखंड हवा-पाण्याने गंजते आणि दगड तपकिरी होतो. ताज्या अशनीवर दिसणारा काळा, जळका थरही कालांतराने झिजतो. त्यामुळे जुना अशनी नुसत्या डोळ्यांनी सहज ओळखू येत नाही.

किती जुना?

अंतराळात असताना वैश्विक किरणांमुळे दगडात कार्बन-१४ तयार होतो. पृथ्वीवर आल्यावर ही निर्मिती जवळपास थांबते आणि असलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. उरलेल्या प्रमाणावरून हा अशनी सुमारे १५,००० वर्षांपूर्वी पडल्याचे समजले. वाळवंटी हवेमुळे तो इतका काळ टिकला.

नोंदी का महत्त्वाच्या?

क्रीग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हजारो तुकडे शोधले आणि ते कुठे सापडले हे नोंदवून ठेवले. त्यामुळे २०० चौरस किलोमीटरहून मोठ्या पसाऱ्याचा नकाशा तयार झाला. दगड पृष्ठभागापासून जितका खोल, तितका किरणांचा परिणाम वेगळा. वेगवेगळ्या तुकड्यांमधला हा फरक मोजून मूळ पिंड सुमारे ६ ते ८ मीटर रुंद असावा, असा अंदाज शास्त्रज्ञांनी काढला. एवढा मोठा पिंड वातावरणातच फुटला आणि त्याचे तुकडे दूरवर विखुरले.

याच भागात दुसऱ्या काही अशनींचे तुकडेही मिळाले. दिसायला सगळे सारखेच गंजलेले; वेगळेपण प्रयोगशाळेत कळले. म्हणूनच असा दगड सापडला, तर उचलण्याआधी त्याचा फोटो घ्यावा आणि नेमकी जागा लिहून ठेवावी. प्रयोगशाळा दगडाचे वय सांगू शकते. तो कुठे पडला होता, हे फक्त शोधणाऱ्यालाच सांगता येते.