रोह्याची खाडी, मिनामाताच्या मांजरी आणि ताटातल्या मासळीचे गणित

कुंडलिकेचा इतिहास सांगताना आपण बहुधा तिच्या मुखाशी, चौल-रेवदंड्याच्या गलबतांपाशी थांबतो. आज जरा वर, रोह्याकडे जाऊ. थ्रेड थोडा लांबणार आहे.

भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारे मुळशीचे पाणी घेऊन कुंडलिका कोलाड-रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीत उतरते. पेणच्या अंगाची अंबा धरमतरच्या खाडीला मिळते. दोन्ही काठांवर खारभूमीची भातशेती, तळ्यांत जिताडा, चिखलात निवट्या, खडकांना कालवे. कोळी, आगरी आणि कातकरी घरांत हेच रोजचे कोरड्यास.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे रोह्याशेजारी धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत वसली. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते; रायगड हे नाव १९८१ चे. जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ मध्येच कायदा केला, ७ सप्टेंबर १९७० ला मंडळ नेमले. केंद्राचा कायदा १९७४ चा. म्हणजे आपण आघाडीवर होतो! पण या कायद्याची नजर पाण्यावर होती. मासळीतून माणसाच्या शरीरात काय उतरते, हा प्रश्न निराळा आहे आणि तो जपानमधील एका मच्छीमार किनाऱ्यावर उभा राहिला.

मिनामाता येथे प्रथम मांजरी वेड्यावाकड्या नाचू लागल्या. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, वाचा अडखळली. १ मे १९५६ रोजी चिस्सो कंपनीच्याच रुग्णालयातून या अनाकलनीय विकाराची वर्दी सरकारी आरोग्य केंद्राला गेली. तेथील डॉक्टर होसोकावा यांनी १९५९ मध्ये कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिले. त्याला तोच रोग जडला. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. सेंद्रिय पारा हेच कारण, असे सरकारने मान्य केले २६ सप्टेंबर १९६८ ला. बारा वर्षे खाडीकाठची माणसे तीच मासळी खात राहिली.

सर्वांत हृदयद्रावक धडा मातांकडून मिळाला. स्वतः धडधाकट दिसणाऱ्या आयांची मुले जन्मतः अपंग निघाली. आपल्याकडे नाळ पुरतात. जपानी घरांत तिचा वाळलेला तुकडा जपून ठेवतात. त्याच तुकड्यांत संशोधकांना पारा सापडला. वार विषाला अडवते, हा वैद्यकाचा जुना विश्वास त्यामुळे ढळला.

आपल्या किनाऱ्याचेही मोजमाप झाले आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी ठाणे खाडी व मुंबई बंदरातील पाऱ्यावरचा अभ्यास १९८१ मध्ये प्रसिद्ध केला.

आता गणित. जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथिल पाऱ्याची आठवड्याची सह्य मात्रा ठरवली: शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ९६. मासळीसाठी रूढ असलेली मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम. बरोबर मर्यादेवर असलेली मासळी आठवड्यात १९२ ग्रॅम खाल्ली की कोटा संपला. पाव किलोसुद्धा नाही! रविवारी एकदा मासे खाणाऱ्या घराला हे पुरेल. रोज दोन वेळा खाणाऱ्या कोळी घराला 'कायद्याने सुरक्षित' मासळीही जड जाईल. सरासरी ग्राहकाच्या हिशेबात खाडीवरचा माणूस हरवतो तो असा.

याचा अर्थ मासे सोडावेत, असा नव्हे. गर्भाच्या मेंदूला मासळीतील मेदाम्लांचा लाभ होतो, हे २०१० च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ बैठकीने बजावले आहे. आणि गरीब घरात तिची जागा घेईल असे स्वस्त प्रथिन कोणते?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. कुंडलिका त्यांत आहे. मात्र ती यादी जैविक प्राणवायूच्या मागणीवर बेतलेली. धातूंबद्दल ती काही सांगत नाही. त्यासाठी मासाच कापून तपासावा लागतो, तोही जातीनिहाय. जिताडा शिकारी, म्हणून त्याच्यात पारा साचत जातो. कालवे पाणी गाळून जगतात, त्यांच्यात कॅडमियमसारखे धातू जमतात. सुक्या मासळीतले पाणी उडालेले असल्याने तिच्या दर ग्रॅममागे धातू अधिक. शिवाय कोणत्या घरात, कोण, आठवड्यातून किती वेळा काय खाते, हे दारोदार जाऊन विचारावे लागते, गर्भवतींना वेगळे.