होमस्टेचा हिवाळा : जुन्नर-आंबेगावात दिवाळी ते होळी पाहुणे सांभाळताना

पावसाळ्यात माळशेज, नाणेघाट, आहुपे, भीमाशंकर या बाजूला लागणारी गाड्यांची रांग दसरा-दिवाळीपर्यंत ओसरते. त्यानंतर येणारा पाहुणा वेगळा. त्याला धबधबा नको असतो. थंडी, शेकोटी, हुरडा, एखादा गड आणि जमलं तर गावातला सण, एवढ्यासाठी तो पुण्या-मुंबईहून येतो. जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, आणि दोन्ही तालुक्यांत अनेक शेतकरी कुटुंबांनी घराच्या दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या. ज्यांचा हा पहिलाच हिवाळा आहे, त्यांच्यासाठी ही माहिती.

एक गोष्ट आधीच सांगतो. पाहुण्यांसाठी वेगळा सण मांडायला जाऊ नका. घरात जो सण जसा होतो, त्यातच त्यांना पाटावर बसवा. मुद्दाम मांडलेला सण पाहुण्याला लगेच कळतो, आणि त्याचं दुप्पट काम पडतं ते घरातल्या बायकांवर.

मार्गशीर्ष : भरीत, भंडारा आणि उपवासाचे गुरुवार

तुळशीची लग्नं उरकली की मार्गशीर्ष लागतो. त्याचे पहिले सहा दिवस खंडोबाचं नवरात्र. आपल्याकडे खंडोबा कुलदैवत असलेली घरं पुष्कळ. जुन्नरमध्ये नळवणे आणि आंबेगावात धामणी ही ठाणी सगळ्यांना माहीत आहेत. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीच्या भाकरीचा नैवेद्य होतो, तळी भरली जाते. ज्या घरात चातुर्मासात वांगं बंद असतं, तिथे ते या दिवसापासून सुरू होतं. तळी भरायला पाहुण्यांनाही बोलवा, त्यांना फार आवडतं. फक्त भंडारा उधळणार आहोत, पांढरे कपडे घालून येऊ नका, हे आधी सांगा.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी अनेक घरांत महालक्ष्मीचा उपवास असतो, त्या दिवशी मटण-कोंबडी शिजत नाही. नाताळच्या सुट्टीत असा गुरुवार आला की वाद होतात. बुकिंग घेताना फोनवरच सांगितलं तर कोणी तक्रार करत नाही. जेवायला बसल्यावर सांगितलं तर करतो. त्या दिवशी मासवडी करा. बेसनाच्या घट्ट पिठल्यात तीळ, सुकं खोबरं, खसखस, लसूण-कोथिंबिरीचं सारण भरून वळलेली वडी आणि झणझणीत रस्सा, हे आपल्या भागाचं खरं जेवण. नाव ऐकून "यात मासा असतो का हो?" असं निम्मे पाहुणे विचारतात. नसतो, फक्त आकार माशाचा.

हुरडा : पेरणीपासूनचं गणित

हुरड्याची चौकशी डिसेंबर लागताच सुरू होते. ज्वारीचं कणीस दाणा भरून मऊ असतानाच हुरड्याला चालतं. एका तुकड्यातला हुरडा जेमतेम आठवडाभर चांगला राहतो, मग दाणा टणक होतो. म्हणून ज्यांना जानेवारीभर हुरडा द्यायचा आहे, त्यांनी रब्बीची पेरणी एकदम न करता आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्या-तुकड्यात करावी. गूळभेंडी आणि सुरती ही हुरड्याची नावाजलेली वाणं. राखण मात्र लागतेच, पाखरं पाहुण्यांच्या आधी येतात.

आपल्या बागायती पट्ट्यात ऊस, टोमॅटो, द्राक्ष वाढलं आणि ज्वारी कमी झाली, त्यामुळे कणसं बाहेरून आणणारेही आहेत. त्यात गैर काही नाही, पण "आमच्या शेतातला" असं सांगू नका. शेतात ज्वारीचं ताटही नाही, हे शहरातल्या माणसालासुद्धा दिसतं.

गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, गरम असतानाच हातावर चोळून, लसणाची किंवा शेंगदाण्याची चटणी, गूळ, बोरं आणि ताक यांच्यासोबत तो द्यायचा. ताटात गार झालेला हुरडा देण्यापेक्षा न दिलेला बरा. आगटी गंजीपासून, वाळलेल्या पाचटापासून लांब, आणि शेजारी पाण्याची बादली भरलेली. आहुपे-भीमाशंकरच्या बाजूला अभयारण्याची हद्द आहे, तिथे जंगलात शेकोटी पेटवायची नाही. पाहुण्याने कितीही आग्रह केला तरी नाही.

भोगी-संक्रांत आणि घरातल्या बाईचा हिशेब

पौषात लग्नकार्यं नसतात, घर मोकळं असतं. याच दिवसांत शाळांच्या सहली निघतात, त्यामुळे शनिवार-रविवारखेरीज मधल्या वारांनाही चार पैसे मिळू शकतात. मुक्काम नको, फक्त जेवण आणि शेतफेरी, अशा मुलांच्या सहली घरच्यांना कमी जड जातात. द्राक्षबागेत मात्र मालकाला विचारल्याशिवाय नेऊ नका. जानेवारी ते मार्च हा मालाचा काळ, फवारण्या चालू असतात, आणि पोरं दिसेल तो घड तोंडात टाकतात.

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगं-गाजर-वाल-हरभरा घातलेली मिसळीची भाजी, मुगाची खिचडी. दुसऱ्या दिवशी संक्रांत, सुगडं, वाण, तिळगूळ. मग रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू. पाहुण्या बायकांना यातलं हळदी-कुंकू फार जवळचं वाटतं. इथे एक जपायचं. आलेल्या बाईचा नवरा हयात आहे का, हे विचारू नका, सगळ्यांना सारखं वाण द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य शासनानेही तसं परिपत्रक काढलं. आपल्या अंगणात ते पाळायला काहीच खर्च येत नाही.

आता हिशेबाचं. दहा पाहुणे, माणशी दोन भाकरी धरल्या तर एका जेवणाच्या वीस, दोन वेळच्या चाळीस. त्या थापणारी बाई पहाटे उठून गोठाही करते. होमस्टेचा जमाखर्च मांडताना किराणा, सरपण, वीज, गाडीभाडं सगळं लिहिलं जातं आणि तिची मजुरी तेवढी राहून जाते. मग "धंद्यात बरं सुटतं" असं वाटतं. शेजारच्या वहिनींना हाताखाली बोलावलं तर त्या दिवशीच रोख द्या, घरच्या बाईचीही मजुरी वहीत लिहा, आणि मग माणशी दर ठरवा. दर परवडत नसेल तर पाहुणे कमी घ्या. एका आठवड्यात सण आणि तीस माणसं हे जमवायला जाऊन घर आजारी पडतं.

ऊसतोड, अंधार आणि बिबट्या

हा भाग पूर्ण वाचा. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की उसाचे फड मोकळे होत जातात, आणि उसात राहणारा बिबट्या पिल्लांसह दुसऱ्या फडात सरकतो. म्हणजे आपला पाहुण्यांचा हंगाम आणि बिबट्या हलण्याचा काळ एकच. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात लहान मुलांसह माणसांचे जीव गेले. गावच्या माणसाला निदान कुठे जायचं नाही हे ठाऊक असतं, शहरातून आलेल्या पोराला ते ठाऊक नसतं.

त्यामुळे पाहुणे आले की चहाच्या आधी हे सांगा : दिवस मावळल्यावर लहान मुलं अंगणात एकटी नाहीत. उसाच्या बांधाने फिरायला जायचं नाही. चांदणं बघायचं तर घराच्या उजेडात, चार-पाच जणांनी मिळून. पहाटे फिरायला जायची सवय असेल तर चांगलं उजाडल्यावर. संडास-बाथरूम घराला लागून असावं. ते लांब असेल तर वाटेवर दिवे लावा आणि सोबत माणूस द्या. वाकलेलं किंवा बसलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं, हे वन विभागाची माणसं नेहमी सांगतात.

कोंबडी-मटणाचं उरलंसुरलं घराजवळ टाकू नका. त्यावर कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. शेळ्या-वासरं बंद गोठ्यात. तोडणीत पिल्लं सापडली तर हात लावायचा नाही, फोटो काढायला गर्दी करायची नाही. वन विभाग ती आईकडे परत जातील अशी व्यवस्था करतो. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, तो प्रत्येक खोलीत मोठ्या अक्षरात लावा, त्याखाली ११२.

"रात्री बिबट्या दाखवतो" असं सांगून पाहुणे गाडीत घालून फिरवणारे काही आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि बिबट्या त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचा पाठलाग करणं, त्याला हुसकावणं गुन्हा ठरतो. शिवाय प्रकाशझोताने बिथरलेलं जनावर पुढे कोणाच्या वस्तीवर जाईल, हे दाखवणाऱ्याला कुठे माहीत असतं? माणिकडोहचं बिबट निवारा केंद्रसुद्धा प्राणिसंग्रहालय नाही, तिथे बघायला नेतो असा शब्द देऊ नका.

खोलीतली ऊब

डिसेंबर-जानेवारीत नदीकाठच्या आणि घाटाजवळच्या गावांत पहाट कडक असते. पाहुणे शेगडी मागतात. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवू नका, तंबूत तर अजिबात नाही. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो; त्याला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. गॅसचा गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर तो बाहेर काढा, आणि बाथरूमची हवा जायची खिडकी थंडीसाठी बुजवू नका. अंगणातला बंब सगळ्यात चांगला, पाणीही भरपूर आणि पाहुण्यांना त्याचंच कौतुक. पांघरायला माणशी दोन गोधड्या धरा, वर एखादी घोंगडी.

३१ डिसेंबरला गाण्यांचा आवाज आणि दारू, हे दोन प्रश्न येतात. परवान्याशिवाय दारू विकणं किंवा तिच्यासाठी जागा देणं तुमच्या अंगावर येऊ शकतं. आवाजाची वेळ त्या वर्षी काय ठरली आहे, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

फेब्रुवारीची गर्दी

माघी गणेश जयंतीला ओझर आणि लेण्याद्रीला, महाशिवरात्रीला भीमाशंकरला आणि पूरच्या कुकडेश्वराला रीघ असते. १९ फेब्रुवारी हा शिवनेरीचा दिवस. आदल्या रात्रीपासून राज्यभरातून शिवज्योती घेऊन तरुण पळत येतात, सकाळी शासकीय सोहळा असतो, वाहतूक वळवलेली असते. त्या दिवशी "सकाळी शिवनेरी, दुपारी नाणेघाट" असा बेत करू नका. शिवनेरी बघायचा असेल तर दोन दिवस पुढे-मागे, आणि त्या दिवशी पाहुण्यांना चावंड किंवा हडसरला पाठवा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची रेडिओ दुर्बीण सर्वसामान्यांसाठी खुली असते. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, मुलांना घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना आवर्जून सांगा. तिथे मोबाईल बंद ठेवावा लागतो.

कागदपत्रं

कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. सातबारा आणि किमान एक एकर शेतजमीन लागते. जेवण देता म्हणजे अन्न सुरक्षा नोंदणी हवी. पाहुण्यांची वही ठेवा, ओळखपत्राची प्रत घ्या. परदेशी पासपोर्टवाला पाहुणा आला तर, मग तो गावातल्याच कुणाचा परदेशात स्थायिक झालेला मुलगा का असेना, चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. हे बरेच जण विसरतात.

होळी झाली की गोधड्या धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवा आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. तोवर गावोगावच्या यात्रा, बैलगाड्यांचे घाट आणि नारायणगावात तमाशाच्या राहुट्या सुरू झालेल्या असतात, आणि घरी येणारे पाहुणे हे बहुतेक आपलेच नातेवाईक असतात. त्यांना बिल लावता येत नाही.