तबकडीवाल्यांचा मेळा

‘डीजे’ हा शब्द आज महाराष्ट्रांतील लहान मुलालाहि परिचित आहे. परंतु आपण तो ज्या अर्थानें वापरतों तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. इंग्रजींत तो मनुष्य आहे, मराठींत ती वस्तु आहे. मिरवणुकींत ‘डीजे लावला’ असें आपण म्हणतों, तेव्हां आपल्या डोळ्यांपुढें गाडीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत उभी राहते. तबकडी वाजविणारा गृहस्थ कोण याची आपणांस फिकीर नसते. गमतीची गोष्ट अशी कीं, ज्या बेटावर या साऱ्या प्रकाराचा उगम झाला त्या जमेकांतहि पहिला मान यंत्रालाच मिळाला. तेथें त्यास ‘साउंड सिस्टीम’ म्हणत. आज ज्या मंडळीची हकीकत सांगावयाची आहे ती याच परंपरेंतील, परंतु लंडन शहरांत वाढलेली. तिचें नांव ‘सोल टू सोल’.

दुसऱ्या महायुद्धानंतर किंग्स्टन शहरांतील गरीब वस्तीला नृत्याची हौस होती, पण वाद्यवृंद बोलाविण्याची ऐपत नव्हती आणि घरोघर ग्रामोफोनहि नव्हते. तेव्हां १९५० नंतरच्या दशकांत कांहीं चतुर दुकानदारांनीं कपाटाएवढे ध्वनिक्षेपक बांधून घेतले, अमेरिकेंतून तबकड्या आणविल्या आणि उघड्या आवारांत रात्रीचे जलसे सुरू केले. प्रवेशाचे पैसे थोडे. खरी प्राप्ति पेयांच्या विक्रीवर. त्यांतील एक प्रमुख जो ड्यूक रीड, तो मद्याचा दुकानदारच होता. स्पर्धा इतकी तीव्र कीं, आपली तबकडी कोणती हें प्रतिस्पर्ध्यास कळूं नये म्हणून तिच्यावरील कागदी चिठ्ठी खरवडून टाकीत. जुने गवई आपली चीज दुसऱ्यानें उचलूं नये म्हणून जी खबरदारी घेत, तिचीच ही यांत्रिक आवृत्ति.

हीच विद्या वेस्ट इंडियन लोकांबरोबर इंग्लंडांत गेली. २२ जून १९४८ रोजीं ‘एम्पायर विंडरश’ ही आगबोट टिलबरी बंदरांत उतारूंसह उभी होती; त्यानंतरच्या वर्षांत हजारों कुटुंबें कॅरिबियन बेटांतून येऊन आगगाड्या, बसगाड्या आणि रुग्णालयें यांतील कामावर रुजू झालीं. कामावर त्यांची गरज होती. करमणुकीच्या ठिकाणीं मात्र दार बंद असे. १९६५ च्या कायद्यानें सार्वजनिक जागीं वर्णावरून मनाई करणें बेकायदा ठरविलें खरें, पण खाजगी सभासदांचे क्लब कायद्याच्या कक्षेंत यावयास १९७६ साल उजाडावें लागलें. म्हणून हे लोक घराच्या तळमजल्यांत, सामानसुमान भिंतीशीं सारून, दाराशीं थोडे पैसे घेऊन आपले जलसे करूं लागले. शेजाऱ्यांची कुरकुर, पोलिसांची धाड आणि पहाटेपर्यंत चालणारें नृत्य हीं तिन्ही ठरलेलीं.

१९७६ नंतरहि दार पुरतें उघडलें असें नाहीं. कायदा वर्णाविषयीं बोलतो. दरवान पोषाखाविषयीं बोलतो. बूट चालत नाहींत, आज सभासदांचीच रात्र आहे, आंत फार गर्दी आहे, अशीं कारणें सांगून वेस्ट एंडमधील बडे क्लब कृष्णवर्णी तरुणांची संख्या बेतानें ठेवीत. आंत जें संगीत वाजे तें पुष्कळदां अमेरिकेंतील कृष्णवर्णी गायकांचें असे, आणि त्याच वर्णाचा तरुण बाहेर थंडींत उभा असे. रस्त्यावर तरी सुख होतें काय? १८२४ च्या भटक्यांविषयींच्या कायद्यान्वयें केवळ संशयावरून त्याला पकडतां येई. तें कलम १९८१ मध्यें रद्द झालें; त्याच वर्षीं एप्रिलमध्यें ब्रिक्स्टन पेटलें होतें.

या पिढींतला ट्रेव्हर बेरेसफर्ड रोमिओ हा १९६३ सालीं लंडनमध्यें जन्मला. आईबाप अँटिग्वा बेटांतले, घरांत भावंडें पुष्कळ, आणि वडील भावांना साउंड सिस्टीमचा नाद. पुढें त्यानें ‘जॅझी बी’ हें नांव घेतलें. १९७७ मध्यें राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हां गल्लींतील समारंभांत या पोरांनीं पहिल्यानें आपला संच वाजविला. प्रथम त्यांचें नांव ‘जा रिको’ असें होतें आणि वळण रेगे संगीताचें होतें. १९८२ च्या सुमारास जॅझी बी आणि त्याचा मित्र फिलिप हार्वी यांनीं संचाचें नांव बदलून ‘सोल टू सोल’ केलें. आत्म्यापासून आत्म्याप्रत असा त्याचा सरळ अर्थ. पण मधला शब्द ते रोमन दोनाच्या आंकड्यानें लिहीत, म्हणजे दोन मित्रहि त्यांत आले. नांवांतील हा बदल वाटतो तितका लहान नव्हे. आईबापांच्या बेटाचें संगीत, अमेरिकेचें सोल संगीत आणि लंडनची बोली या तिहींवर हक्क सांगणारी मुलें आतां मोठीं झालीं होतीं.

त्या काळीं लंडनच्या जुन्या गोद्या बंद पडल्या होत्या, कारखाने उठले होते, आणि ओसाड वखारी जागोजाग पडल्या होत्या. अशा वखारींतून एका रात्रीपुरते जलसे होऊं लागले. तेथें दरवानाचा जाच नव्हता. गोरीं आणि कृष्णवर्णी मुलें एकत्र नाचत. ज्याच्यापाशीं स्वतःचे ध्वनिक्षेपक त्याला तेथें मोल होतें, आणि सोल टू सोलपाशीं ते होते. ते स्वतः वाजवीत, दुसऱ्यांना संच भाड्यानेंहि देत. १९८५ मध्यें ‘किस एफ.एम.’ हें परवान्याशिवाय चालणारें केंद्र निघालें, त्यावरहि जॅझी बी तबकड्या वाजवी. नभोवाणीवरून बोलतांना अशा चोरट्या केंद्राचे उपकार सांगावयास थोडा संकोच होतो; परंतु अधिकृत केंद्रांनीं जें संगीत बाजूस ठेवलें तें घरोघर पोंचविलें तें याच लोकांनीं. १९९० मध्यें तें केंद्र रीतसर परवान्यानें चालूं लागलें.

१९८५-८६ च्या सुमारास या मंडळीनें कॉव्हेंट गार्डनमधील ३८, किंग स्ट्रीट येथील आफ्रिका सेंटरमध्यें दर रविवारीं रात्रीं आपला मेळा भरविण्यास प्रारंभ केला. ही संस्था १९६४ मध्यें केनेथ काउंडा यांच्या हस्तें उघडली गेली होती; आफ्रिकेंतील राजकारणी, निर्वासित आणि विद्यार्थी यांची ती बैठकीची जागा. भोंवतालचा प्रसिद्ध भाजीबाजार १९७४ मध्यें तेथून हलला होता आणि त्याच्या जागीं शौकीन दुकानें आलीं होतीं. ज्या क्लबांनीं या मुलांना दारांतून परतविलें ते येथून चार पावलांवर. रविवार ही धंद्याच्या दृष्टीनें पडीक रात्र. दुसरे दिवशीं कामावर जावयाचें असतें. पण ज्याला शनिवारीं कोठें प्रवेश नाहीं त्याला रविवारचें काय वावडें? येथें येणाऱ्यांत विद्यार्थी होते, शिंपी होते, केशभूषा करणारे होते, चित्रकार होते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या अंगावर काय आहे हें पाहत होता.

या शेवटच्या गोष्टीकडे इतिहासकारानें दुर्लक्ष करूं नये. केसांच्या जटा ठेवणें ही रास्ताफारी पंथाची धार्मिक खूण. वडील पिढीला तिची भीति वाटे, कारण जटाधारी मुलाला नोकरी मिळत नसे आणि पोलिस मात्र हटकून मिळत. जॅझी बी आणि त्याच्या सोबत्यांनीं दोन्ही बाजूंचे केस भादरून वर तेवढ्या जटा राखल्या. या ध्यानाला त्यांनीं ‘फंकी ड्रेड’ असें नांव दिलें आणि त्याच मुखवट्याची आकृति छापून सदरे विकले. कॅम्डेन भागांत त्यांनीं दुकान काढलें. तेथें कपडे मिळत आणि तबकड्याहि मिळत. धर्मखुणेचा असा बाजार मांडावा काय, हा प्रश्न कोणी विचारील तर तो गैर नाहीं. पण ज्या चेहऱ्याला पाहून दार लावलें जाई, तोच चेहरा गोऱ्या मुलांनींहि हौसेनें छातीवर मिरवावा, ही उलटापालट एखाद्या सभेंतील ठरावानें झाली नसती. ‘आय-डी’ आणि ‘द फेस’ हीं दोन्ही मासिकें १९८० मध्यें निघालेलीं. शिंप्यांच्या पेढ्या सोडून रस्त्यावरच्या पोषाखाकडे पाहण्याची दृष्टि त्यांनीं लोकांना दिलीच होती.

पुष्कळांची समजूत अशी कीं, दुकान व सदरे ही गाण्याची जाहिरात होती. मला तें उलट वाटतें. दारावरची वसुली, संचाचें भाडें आणि सदऱ्यांची विक्री यांवर मंडळी आधींच उभी होती. म्हणून व्हर्जिन कंपनीची ‘टेन रेकॉर्ड्स’ ही शाखा पुढें आली तेव्हां हे लोक रिकाम्या हातानें गेले नाहींत. ब्रिस्टल शहरांतील ‘वाइल्ड बंच’ या अशाच मेळ्यांतला नेली हूपर त्यांना येऊन मिळाला होता. त्या मेळ्यांतील इतरांनीं पुढें ‘मॅसिव्ह अटॅक’ काढलें. १९८८ चा उन्हाळा लंडनमध्यें ‘ॲसिड हाउस’ नांवाच्या धांवत्या लयीचा, मिनिटाला सव्वाशेच्या आसपास ठोक्यांचा. सोल टू सोलनें लय शंभरीच्या आसपास उतरविली, खालीं रेगेचा जड खर्ज ठेवला आणि वर तंतुवाद्यें सोडलीं. १९८९ मध्यें ‘कीप ऑन मूव्हिन’ आणि त्यामागून ‘बॅक टु लाइफ’ हीं कॅरन व्हीलर या गायिकेचीं गाणीं निघालीं. दुसरें गाणें मूळ संग्रहांत जवळजवळ साथीशिवाय होतें. स्वतंत्र तबकडीसाठीं तें नव्यानें बांधलें, आणि त्या जूनमध्यें तें ब्रिटनच्या यादींत पहिलें येऊन चार आठवडे तेथेंच राहिलें. १९९० मध्यें अमेरिकेंत मंडळीला दोन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं.

येथें मेळ्याच्या पद्धतीची कच्ची बाजूहि उघडी पडली. नांव सर्वांचें, पण चेहरा एकाचा. आणि ज्या आवाजानें जग जिंकलें तो आवाज तिसऱ्याचाच. आपल्या नाटक मंडळ्यांत मालक, नट आणि पदें रचणारा यांचीं जीं भांडणें होत तीं ज्यांना ठाऊक आहेत त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. कॅरन व्हीलरनें १९९० मध्यें ‘यूके ब्लॅक’ हा आपला स्वतंत्र संग्रह काढला. त्याच वर्षीं निघालेला मंडळीचा दुसरा संग्रह यादींत पहिला आला खरा, पण पहिल्या दोन गाण्यांची बरोबरी करणारें गाणें मला त्यांत सांपडत नाहीं. पुढें गायिका बदलत गेल्या. जॅझी बी राहिला. २००८ मध्यें त्याला ओ.बी.ई. हा किताब मिळाला.

आफ्रिका सेंटरनें किंग स्ट्रीटची जागा पुढें सोडली. २०२२ मध्यें ती संस्था टेम्सपलीकडे ग्रेट सफोक स्ट्रीटवर नव्या इमारतींत उघडली. मेळ्याची युक्ति मात्र त्याआधींच दुसऱ्यांनीं उचलली होती. १९९५ मध्यें तबलावादक तलविन सिंग यानें हॉक्स्टनमधील ‘ब्लू नोट’ क्लबांत ‘अनोखा’ नांवाची रात्र सुरू केली. तेथें तबला आणि तबकडी एकत्र वाजत, आणि लंडनांत वाढलेलीं भारतीय मुलें इतरांच्या बरोबरीनें नाचत. त्यांनींहि आठवड्यांतली पडीक रात्रच निवडली होती. वार तेवढा सोमवार होता.