बिनपाण्याचं बेट

दोस्तहो, बेट म्हटलं की नदी आली, नाव आली, कोळी आले. आमच्या धारूरला यातलं काहीच नाही. तरीही आम्ही बेटावरच वाढलो, असं मी म्हणतो.

धारूर बालाघाटाच्या माथ्यावर बसलंय. उत्तरेला घाट उतरला की सिंदफणेचं खोरं, दक्षिणेला मांजरेचं. दोन्ही नद्या शेवटी गोदावरीलाच मिळतात. एकीवर माजलगावचं धरण, दुसरीवर धनेगावचं. माथ्यावर पडलेला पाऊस मात्र थोडा इकडं, थोडा तिकडं पळून जातो. दोन नद्यांच्या मधात राहायचं आन् घागरीसाठी रान तुडवायचं, हा आमचा भूगोल.

या बेटात दुसरं बेट आहे, ते किल्ल्याचं. तीन बाजूंना दरी आणि गावाकडच्या बाजूला माणसांनी खोदलेला खंदक. विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान यानं १५६७ च्या सुमारास हा किल्ला उभा केला. पुढं तो निजामशाहीकडं गेला आणि १६३१ साली शहाजहानच्या फौजेनं घेतला. त्याचं नावही फत्तेहाबाद झालं. दख्खनमध्ये तेव्हा मोठा दुष्काळ चालू होता, माणसं अन्नावाचून मरत होती. किल्ल्यातल्या पाण्याच्या जागांना खारी दिंडी, गोडी दिंडी अशी नावं आहेत. किल्ला कुणी बांधला, कुणी जिंकला, हे पुस्तकात सापडतं. खंदकातली माती कुणी उपसली, दगड कुणाच्या पाठीवरून चढले आणि दिवसभर राबल्यावर त्या माणसांना गोड्या पाण्याला हात लावू दिला का, हे कुठल्या बखरीत लिहिलंय?

तिसरं बेट गावकुसाबाहेरचं. किल्ल्यापासून थोड्या कोसांवरच्या आमच्या खेड्यात गाव आणि वस्तीच्या मधून ओढा जायचा. पावसाळ्यात ओढा भरला की दोन-दोन दिवस आमचा गावाशी संबंध तुटायचा. उन्हाळ्यात त्याच ओढ्याच्या वाळूत झिरे खांदायचे. वरच्या अंगाला गावाचा झिरा, खालच्या अंगाला आमचा. आणि आमच्याही खाली मांगवाड्याचा! माझी आजी गावाच्या विहिरीपाशी घागर ठेवून लांब बसायची. "माय, पाणी वाढा वो," म्हणायची. एखादीला दया आली तर वरून धार पडायची, नाहीतर ऊन डोक्यावर यायचं. पण तीच आजी आमच्या झिऱ्यावर मांगाच्या बाईला घागर बुडवू द्यायची नाही. पाणी वरून खाली जातं, तशी ही शिवाशिवही वरून खाली झिरपत आली होती. १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब कसबे तडवळ्याला आले, ते महार-मांग वतनदार परिषदेसाठी. दोन्ही नावं एका परिषदेला का जोडावी लागली, हे मला त्या झिऱ्यावरून कळतं.

आता कायद्याचं बघा. मुंबई कौन्सिलात बोले यांचा ठराव १९२३ साली झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले, असं त्यात म्हटलं होतं. त्याच्याच आधारावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घेतलं. पण बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. मुंबईचा ठराव आमच्या हद्दीत लागू नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामी संपली. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. त्याच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट ही नावं घालून भेदभाव बंद केलाय. महाडनंतर जवळजवळ २३ वर्षांनी हा हक्क आमच्यापर्यंत पोचला, तोही कागदावर.

कागद आणि घागर यांच्यात किती अंतर असतं, ते मी १९७२ च्या दुष्काळात पाहिलं. माय-बाप खडी फोडायला जात. मी लहान, सावलीला बसायचो. सरकारी काम, सगळ्यांची मजुरी एकाच हजेरीपटावर, पण कामावर रांजण दोन! एका भुकेनं सगळे एका रांगेत आणले, तहान मात्र वेगळीच राहिली. १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, बहिष्कार पडले. बहिष्कारात किराणा उशिरा संपतो. पाणी पहिल्या दिवशीच तुटतं.

आज आमच्या भागातून दिवाळीच्या आगेमागे माणसं कोयता घेऊन उसाला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फेडायला कृष्णेच्या, पंचगंगेच्या काठी कोपी टाकतात. एवढ्या मोठ्या नदीच्या काठी राहूनही बाई पहाटे हंडा घेऊन पाणी शोधतेच.

म्हणून तरुण मित्रांनो, एक काम सांगतो. आपापल्या गावातल्या विहिरी, आड, झिरे, हापसे यांची यादी करा. कोणता कधी झाला, कुणी खोदला, कोण भरत होतं, कुणाला अडवलं, कधीपासून अडवणं थांबलं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. मांगवाड्यातल्या म्हातारीलाही विचारा. ती आपल्याबद्दल जे सांगेल, तेही न गाळता लिहा. ही माणसं चालली आहेत. किल्ल्याचा इतिहास दगडावर टिकलाय, आपला अजून तोंडावरच आहे.

जय भीम.