गळ, विळी आणि चूल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृतींची दोनचार पाने असतात आणि इतिहासाचेही एखादे पान असते. यंदा संपादक भगिनींनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा ही दोन्ही पाने एकत्र बांधता येतील असा विषय मी निवडला : हौसेने मासे धरणे आणि धरलेला मासा घरी आणून रांधणे. मंडळातल्या कितीतरी भगिनी शाकाहारी आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी पान उलटू नये अशी विनंती आहे. कागदावरच्या माशाला वास येत नाही!

पोटासाठी मासे धरणाऱ्या कोळी-भोई समाजाचा इतिहास फार मोठा आहे आणि तो त्यांच्यापैकीच कोणीतरी लिहावा हे उचित. मी लिहिते आहे ती हौशी लोकांची हकीकत. म्हणजे गळाला काही लागले नाही तरी ज्यांच्या घरी पिठले-भाकरी तयार असते, त्यांची.

ह्या हौसेचे एक जुने आणि सविस्तर वर्णन आपल्या अगदी शेजारचे आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यात तिसरा सोमेश्वर नावाचा राजा होऊन गेला. कल्याणी म्हणजे हल्लीच्या कर्नाटकातले बसवकल्याण. सोलापूर-लातूरकडच्या भगिनींना ते काही परके नाही. महाराष्ट्राचा मोठा भाग त्या वेळी ह्याच घराण्याच्या राज्यात होता. ह्या राजाने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. प्रत्येकी वीस अध्यायांचे पाच भाग, असे एकूण शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे इथपासून हत्ती, रत्ने, संगीत, खेळ, जेवणखाण, सारे काही त्यात आहे. महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, ही नोंदही ह्याच ग्रंथातली. मुसळाच्या घावावरच्या आपल्या ओव्यांची दखल एका राजाने नऊशे वर्षांपूर्वी घेतली, हे वाचून मला फार बरे वाटले होते.

ह्या ग्रंथाच्या विनोदांच्या भागात, म्हणजे राजाच्या करमणुकींत, ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. त्यात पस्तीस जातींचे मासे सांगितले आहेत. समुद्राचे आणि नदीचे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे, मध्यम आणि लहान, अशी त्यांची वाटणी केली आहे. कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते आणि गळ टाकून तो कसा धरावा, हेही राजाने लिहून ठेवले आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ १९२५ पासून भागाभागांनी निघाला; तिसरा भाग १९६१ साली आला. त्यातल्या माशांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते डॉ. सुंदरलाल होरा ह्यांनी. हे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते आणि माशांचे मोठे जाणकार. मत्स्यविनोदावरचा त्यांचा निबंध १९५१ सालचा आहे.

आता गंमत पाहा. मासा धरण्याची कृती आहे चौथ्या भागात, करमणुकींमध्ये. आणि मासा रांधण्याची कृती आहे तिसऱ्या भागात, अन्नभोगाच्या प्रकरणात. एकाच ग्रंथात नदीचा काठ आणि मुदपाकखाना ह्यांच्यामध्ये असा उंबरठा आहे. राजाने मासा धरला ती करमणूक. पुढे तो कोणी साफ केला, कोणी चिरला, ह्याच्याशी त्या प्रकरणाला कर्तव्य नाही. पुढच्या शतकांतही मला हाच उंबरठा जागोजागी दिसतो. इंग्लंडात आयझॅक वॉल्टन नावाच्या लंडनच्या एका व्यापाऱ्याने १६५३ साली गळाच्या छंदावर पुस्तक लिहिले, ते तिकडे अजून वाचले जाते. त्याने मात्र मासा धरण्याबरोबर तो शिजवावा कसा हेही तिथेच सांगितले. पाइक नावाच्या दातवाल्या माशाच्या पोटात लोणी, पाला आणि कालवे भरून तो विस्तवावर भाजावा, वर संत्र्याचा रस घालावा, असा त्याचा थाट आहे. सोमेश्वराच्या मानाने वॉल्टन पाचशे वर्षांनी धाकटा. पण त्याने गळ आणि चूल एकाच पुस्तकात शेजारी मांडली, हे त्याच्या पदरात घातले पाहिजे.

सोमेश्वराची कृती आपणांस सांगितल्यावाचून राहवत नाही. माशाचे तुकडे करून ते स्वच्छ धुवावेत. चिंचेच्या कोळात शिजवावेत. वर गव्हाचे पीठ भुरभुरावे आणि तापलेल्या तेलात तांबूस होईपर्यंत तळावेत. मग सैंधव घालून वेलदोड्याची आणि मिऱ्याची पूड पेरावी. मिरचीचे नाव नाही, कारण मिरची आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. (ह्याच राजाने शेतातल्या काळ्या उंदरांचीही कृती दिली आहे. ती मी देत नाही.)

राजानंतर गोऱ्या साहेबांकडे वळावे लागते, कारण आपल्या नदीतल्या माशांची पुढची मोठी नोंद त्यांच्यापैकीच एकाने केली. कर्नल साइक्स हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. मुंबई सरकारने त्याला दख्खनची सगळी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. पिके, माणसे, पक्षी ह्यांच्याबरोबर त्याने मासेही टिपले आणि १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध केले. नवीन माशांना नावे देताना त्याने बरीचशी इथल्या लोकांच्या तोंडची नावेच उचलली. म्हणून आज जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ आपल्या शिंगटीला ‘मिस्टस सींगटी’ म्हणतो. कोळशी माशाच्या शास्त्रीय नावात ‘कोलस’ आहे. पुण्याच्या पूर्वेला मुळामुठेत साइक्सला मिळालेल्या महसीर माशाचे नाव ‘टॉर खुद्री’. ह्या नावांपुढे कंसात लिहितात ‘साइक्स, १८३९’. ज्यांनी ती नावे त्याला सांगितली, त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. एखादी टोपलीवाली बाजारात बसून ‘ही शिंगटी, ही कोळशी’ असे सांगत असेल आणि साहेबाचा कारकून लिहून घेत असेल, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे नेहमी येते. हा माझा तर्क आहे, पण माझ्या मते तो अगदीच वावगा नाही.

साइक्सने मासे मोजले. हौसेने धरणारे साहेब निराळे. त्यांचा गुरू म्हणजे मद्रास इलाख्यातला मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस. ‘द रॉड इन इंडिया’ हे त्याचे पुस्तक १८७३ साली मंगळूरला छापले गेले. गळाला लागल्यावर महसीर जी झुंज देतो तिच्यापुढे विलायतेतला सामन मासाही फिका, असे त्याने लिहिले आणि महसीरच्या मागे सारे साहेब लागले. कळकाच्या काठीच्या जागी रीळ लावलेली काठी आली, गांडुळाच्या जागी चकचकीत पत्र्याचा खोटा मासा आला. मुंबईच्या पाण्यासाठी १८९० च्या सुमारास बांधलेला पवई तलावही पुढे हौशी गळवाल्यांचा अड्डा बनला. ह्या मंडळींमध्ये एक नवी रीत आहे : मासा धरायचा, मापायचा, छायाचित्र काढायचे आणि परत सोडून द्यायचा. महसीर इतका कमी झाला आहे की त्याच्या बाबतीत हे योग्यच आहे. पण अशाने गळाचा आणि चुलीचा उरलासुरला संबंधही तुटला, हेही खरे.

तो संबंध काय होता, ते मी भीमेच्या काठी पाहिले आहे. माझे मामा रेल्वेत होते. रविवारी सुट्टी असली की कळकाची काठी, दोरी, पाण्यावर तरंगायला मोराच्या पिसाची दांडी आणि डब्यात ओल्या मातीत गांडुळे घेऊन ते नदीवर जात. दुपारी शिंगटी, वाम, कधी एखादी मरळ घेऊन येत आणि ओसरीवर बसून ती कशी ओढत होती, दोरी कशी ताणली, हे शेजाऱ्यांना सांगत. मामी ते सगळे न ऐकता परसात मासे घेऊन बसे. निसरडी वाम हातात ठरावी म्हणून तिला चुलीतली राख चोळी. शिंगटीच्या कल्ल्यांशेजारचे काटे आधी ठेचून काढी, कारण तो काटा बोटात गेला तर रात्रभर ठणका लागतो. मग विळीवर पोट फाडले की आत काय आहे ते नीट पाही. हे मी कधी विसरणार नाही. आतून हाक मारून ती म्हणे, “अहो, ह्याच्या पोटात नुसते शेवाळ आहे. गांडूळ काय लावता? कणकेची गोळी लावून बघा.” मामा हुं म्हणत आणि पुढच्या रविवारी कणीक घेऊन जात. मासा जास्त मिळाला की त्याचे श्रेय अर्थात काठीला!

तेव्हापासून सोमेश्वराच्या ग्रंथातली ती माशांच्या खाद्यांची यादी मी निराळ्या दृष्टीने वाचते. कोणता मासा काय खातो हे काठावर बसून कळत नाही. पोट चिरणाऱ्याला कळते. राजाला हे कोणीतरी सांगितले असणार, आणि सांगणाऱ्याच्या हातात विळी असणार.

दुसरी गोष्ट गाभोळीची. मृगाचा पाऊस पडला की ओढ्याओहोळांतून मासे वर चढतात. हे चढणीचे मासे धरायला गावेच्या गावे लोटतात, कारण ते सोपे असते. मामी ते चिरी तेव्हा एकूण एक मासळीचे पोट अंड्यांनी भरलेले असे. गाभोळी तळून फार चवदार लागते, हे मी कबूल करते. परंतु चार दिवस तसेच मासे आले की मामी म्हणे, “आता पुरे. हिच्या पोटात पुढच्या सालचा सगळा बाजार आहे.” मग मामांची काठी पोळ्यापर्यंत आढ्याला लागे. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात वर्षातल्या ठरावीक पौर्णिमांना आणि उपवासाच्या दिवशी मासे मारू वा विकू नयेत असे कोरून ठेवले आहे. हल्लीही महाराष्ट्र सरकार १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद ठेवते. मामीला ह्यातले काही ठाऊक नव्हते. तिने ते विळीवर पाहिले होते.

मासा राखण्याची आणखी एक तऱ्हा महाडजवळ वाळण कोंडीला आहे. काळ नदीच्या त्या डोहात महसीर माशांचे थवे आहेत. ते वरदायिनी देवीचे मानले जातात, म्हणून कोणी धरीत नाही. लोक कुरमुरे टाकतात आणि मासे अगदी वर येतात. इकडे लोणावळ्याच्या वळवण तलावाशी १९७० नंतरच्या दशकात महसीरची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम सुरू झाले, तेही मोलाचे.

आपल्या भीमेचे मात्र रूपच पालटले. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले आणि वाहती नदी अथांग तलाव झाली. वाहत्या पाण्यातल्या माशांना तलाव मानवत नाही. आता बाजारात पाहावे तिकडे चिलापी. ही मूळची आफ्रिकेतली; १९५२ साली भारतात आणली. हिची मादी अंडी आणि पिल्ले तोंडात धरून सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते, म्हणून ही कुठेही टिकते आणि फोफावते. गरिबाच्या ताटात मासा आला तो हिच्यामुळे, म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. पण परवा बाजारात मी एका तरुण मासेवालीला कोळशी आहे का म्हणून विचारले, तर ती म्हणाली, “आजी, ते काय असतं?” साइक्सच्या पुस्तकात जो शब्द आहे, तो भीमेच्या काठच्या बाजारातून गेला.

तिच्याकडून चिलापीच घेतली आणि सोमेश्वराच्या कृतीने केली. चिंचेचा कोळ दाट घ्यावा आणि तुकडे त्यात अर्धेच शिजू द्यावेत, नाहीतर तळताना मोडतात. पीठ लावण्यापूर्वी तुकडे निथळून घ्यावेत. वेलदोडा एका माशाला दोनच पुरतात. धाकट्या नातवाने आधी नाक मुरडले, “आजी, हे श्रीखंड आहे का?” म्हणून विचारले, आणि मग तीन तुकडे खाल्ले. मिऱ्याचा तिखटपणा जिभेवर जरा उशिरा येतो, त्यामुळे पाणी शेजारी ठेवावे.