शिक्षक थकलेत, पण नोकरी सोडणं इतकं सोपं का नाही? माहीम-पालघर पट्ट्याच्या निमित्ताने समजून घ्या

पालघर तालुक्यातल्या माहीममध्ये 'मुलगा जिल्हा परिषदेत शिक्षक आहे' हे वाक्य लग्नाच्या बैठकीत अजूनही वजनदार ठरतं. (हे माहीम मुंबईतलं नव्हे. केळवे-माहीम म्हणून ओळखलं जाणारं, पानवेलींच्या वाड्यांचं, समुद्राकाठचं गाव. एकेकाळी या तालुक्याचं नावच माहीम होतं.) पक्की नोकरी, दर महिन्याला पगार, उन्हाळ्याची सुट्टी, गावात मान. मग ही नोकरी सोडण्याचा विचार कुणी का करेल?

तरी तो विचार होतो. कुणी एमपीएससीची पुस्तकं काढून बसतं, कुणी स्वेच्छानिवृत्तीला किती वर्षं उरली ते बोटांवर मोजतं. बोईसरच्या खासगी इंग्रजी शाळेत शिकवणाऱ्या एखाद्या मॅडम तारापूर एमआयडीसीत एचआरची जागा आहे का, याची चौकशी करतात. 'कंटाळा आलाय' या दोन शब्दांत हे सगळं गुंडाळलं जातं. नेमकं काय होतंय आणि सोडायचंच ठरवलं तर काय पाहावं लागतं, ते सविस्तर पाहू.

कंटाळा आणि बर्नआउट यात फरक काय?

'बर्नआउट' ही संज्ञा १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी अभ्यासात आणली. पुढे क्रिस्टीना मास्लाक यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे. मात्र तो 'आजार' म्हणून नोंदलेला नाही, कामाशी संबंधित स्थिती म्हणून नोंदलेला आहे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने ही स्थिती येते, असं ही व्याख्या सांगते.

तिची लक्षणं तीन. अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं. कामाबद्दल मन दुरावणं किंवा कडवट होणं. आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना. शिक्षकाच्या बाबतीत दुसरं लक्षण सर्वात आधी ओळखू येतं. वर्गातल्या पोरांची नावं घेऊन बोलणारा माणूस 'ही मुलं' असं बोलू लागतो. सुट्टी मिळाली की साधा शीण जातो. बर्नआउटमध्ये मात्र सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यातच छातीवर दडपण येतं.

शिकवण्याने कमी, बाकीच्या कामांनी जास्त

शिक्षक संघटनांच्या निवेदनांमध्ये एक मागणी वर्षानुवर्षं बदललेली नाही: 'आम्हाला शिकवू द्या.'

शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामासाठी शिक्षकाला जुंपता येणार नाही. याच कायद्याच्या परिशिष्टात आठवड्याला ४५ तास काम धरलंय आणि त्यात पाठाची तयारीही मोजली आहे. कागदावर सगळं ठीक.

प्रत्यक्षात पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद, यू-डायस प्लस, सरल, 'अपार' आयडी, आधारची जुळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, नवभारत साक्षरता कार्यक्रम, अभियानांचे फोटो अपलोड करणं. यातलं बरंचसं 'शाळेचंच काम' असल्याने कलम २७ तिथे मदतीला येत नाही. शिवाय मतदारयाद्यांसाठी बीएलओची ड्यूटी. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या मराठा आणि खुल्या प्रवर्गाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक घरोघरी फिरले. २०२७ च्या जनगणनेतही प्रगणक म्हणून मोठा भार शिक्षकांवरच आहे, आणि तिथे तर कायद्याचीच मुभा आहे.

राज्य सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामं कोणती याची वर्गवारी जाहीर केली. हे पाऊल चांगलं होतं. पण दोन शिक्षकी शाळेत एक जण प्रशिक्षणाला किंवा ड्यूटीवर गेला की उरलेल्याच्या वाट्याला चार इयत्ता, खिचडीचा हिशेब आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'आजच तातडीने पाठवा' असा संदेश येतोच. त्या क्षणी वर्गवारीचा कागद फारसा उपयोगी पडत नाही.

पालघरची स्वतःची भर

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा एका नजरेत मावत नाही. किनाऱ्यावर माहीम, सातपाटी, केळवे. मध्ये रेल्वेलगतचं पालघर-बोईसर आणि तारापूरची औद्योगिक वसाहत. पूर्वेला डोंगरातले जव्हार, मोखाडा, विक्रमगड. जिल्ह्याचा मोठा भाग पेसा लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रात येतो.

त्यामुळे 'शिक्षकाचा ताण' इथे प्रत्येक पट्ट्यात वेगळा दिसतो. बोईसरच्या वर्गात कामगार कुटुंबांमुळे मराठीबरोबर हिंदी, भोजपुरी, गुजराती घरातून घेऊन आलेली मुलं असतात. पूर्वेकडे घरची भाषा वारली किंवा कातकरी आणि पुस्तक प्रमाण मराठीचं. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात, पटावरची मुलं वर्गातून नाहीशी होतात आणि ती शोधण्याची जबाबदारीही शिक्षकावरच येते. मेहनत करूनही निकाल हाती लागत नाही. मास्लाक यांच्या प्रश्नावलीतलं तिसरं लक्षण नेमकं इथे लागू पडतं.

बदली हा आणखी एक मोठा विषय. इथले अनेक शिक्षक पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि मराठवाड्यातून आलेले आहेत. घर एकीकडे, नोकरी दुसरीकडे. आंतरजिल्हा बदलीने जायला उत्सुक असणारे भरपूर, यायला उत्सुक असणारे थोडे. बदलीचा आदेश हातात आहे, पण जागा रिकामी राहील म्हणून कार्यमुक्त करत नाहीत, हा पालघरमध्ये वारंवार तापलेला प्रश्न आहे. घरापासून दूर राहून वर्षानुवर्षं बदलीची वाट पाहणाऱ्याला 'योगा करा, सकारात्मक राहा' असं प्रशिक्षण देणं हा थोडा क्रूर विनोदच म्हणायचा.

पगाराचं चित्रही सरसकट नाही. नव्याने लागलेला शिक्षक पहिली तीन वर्षं 'शिक्षण सेवक' असतो. २०२३ च्या सुरुवातीपर्यंत प्राथमिकला त्याचं मानधन महिना ६ हजार रुपये होतं. आता ते १६ हजार आहे, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतल्या शिक्षकांची गोष्ट तर त्याहून वाईट. अनुदानाच्या पुढच्या टप्प्यासाठी त्यांना जुलै २०२५ मध्येही आझाद मैदानात बसावं लागलं.

टीईटीची टांगती तलवार

आजवर सोडण्याचा विचार शिक्षकाच्या मनातला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून काहींसाठी तो बाहेरून लादला गेलाय.

त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात निकाल दिला. त्यानुसार पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, शिक्षण हक्क कायदा येण्याआधी नेमलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल. न झाल्यास सेवा सोडावी लागेल किंवा सक्तीने निवृत्त केलं जाईल. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीसाठी सूट आहे, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न न्यायालयाने मोठ्या पीठाकडे पाठवला आहे.

परीक्षा १५० गुणांची, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के हवेत. पंचेचाळिशी-पन्नाशीच्या शिक्षकाला दिवसभर वर्ग, संध्याकाळी माहिती भरणं आणि रात्री बालमानसशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न, असा दिनक्रम आलाय. गुणवत्तेची किमान अट असावी, याला विरोध करणं कठीण आहे. पण वीस वर्षं शिकवलेल्या माणसाची पात्रता एका परीक्षेने ठरावी का, हा शिक्षकांचा प्रश्नही हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

डिसले गुरुजींचा राजीनामा

चांगला शिक्षक सोडून जाऊ शकतो, हे महाराष्ट्राने एकदा जाहीरपणे पाहिलंय. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडी इथल्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये १० लाख डॉलर्सचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीची रजा आणि प्रतिनियुक्तीच्या काळातली कथित गैरहजेरी यांवरून त्यांचा प्रशासनाशी वाद झाला, चौकशी झाली. जुलै २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि नंतर तो मागेही घेतला.

त्या वादात कोण किती बरोबर, हा वेगळा विषय. इतर शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच की राजीनामा मंजूर होईपर्यंत मागे घेण्याची शक्यता असते. मंजूर झाल्यावर ते दार जवळजवळ बंद होतं.

सोडायचंच असेल तर नियम काय सांगतात?

जिल्हा परिषदेच्या शिक्षकासाठी 'राजीनामा' आणि 'स्वेच्छानिवृत्ती' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार राजीनाम्याने आधीची सेवा निवृत्तिवेतनासाठी गमावली जाते. २० वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण झाली असेल, तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी रागाच्या भरात दिलेला अर्ज म्हणूनच फार महाग पडतो.

१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. ते एनपीएसमध्ये आहेत आणि साठीच्या आत बाहेर पडल्यास जमा रकमेचा मोठा भाग वार्षिकीत गुंतवावा लागतो, म्हणजे हाती रोख थोडीच येते. सुधारित निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय दिला असेल तर तिचे निकष वेगळे. सेवापुस्तक आणि कपातीचा हिशेब जुळवून घेणं ही पहिली पायरी.

दुसऱ्या सरकारी नोकरीत जायचं असेल तर अर्ज ना हरकत प्रमाणपत्र घेऊन, रीतसर कार्यालयामार्फत करावा. निवड झाल्यावर दिलेला 'तांत्रिक राजीनामा' आधीची सेवा वाचवू शकतो. परस्पर अर्ज करून गेलेल्यांची वर्षं इथेच बुडतात.

खासगी शाळांना १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी (सेवाशर्ती) विनियमन कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू होते. कायम शिक्षकाने तीन महिन्यांची आणि तात्पुरत्याने एका महिन्याची नोटीस द्यायची असते. राजीनामा दोन प्रतींत लिहून, तारीख टाकून, सही करून एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची, असं कायदाच सांगतो. ही जुनाट वाटणारी अट शिक्षकाच्या रक्षणासाठी आहे. कोऱ्या कागदावर आधीच सह्या घेऊन ठेवण्याच्या प्रकारांना त्यामुळे आळा बसतो. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: २००९ च्या दुरुस्तीनंतर खासगी शाळांतले शिक्षकही ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर ती मागायला संकोच करू नये.

राजीनाम्याआधी रजेचा पर्याय असतो, तो मात्र फार कमी जण तपासतात. अर्धवेतनी रजा, वैद्यकीय दाखल्यावर तिचं परिवर्तन, अध्ययन रजा, असाधारण रजा हे सगळं सरकारी सेवेत उपलब्ध आहे.

आणि मग जायचं कुठे?

सर्वात जवळची वाट खात्यातलीच. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, एमपीएससीतून गटशिक्षणाधिकारी. पण माहिती भरण्याने दमलेल्याने माहिती मागवणाऱ्याच्या खुर्चीत बसण्याआधी जरा विचार करावा. तिथे तर तेच काम आहे.

पाठ्यसाहित्य लेखन, अनुवाद, शिक्षणात काम करणाऱ्या संस्था, शिक्षक-प्रशिक्षण, समुपदेशन ही क्षेत्रं शिकवण्याच्या अनुभवाला किंमत देतात. समुपदेशनासाठी स्वतंत्र पदवी लागते, नुसत्या अनुभवावर भागत नाही. तारापूर पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये प्रशिक्षण आणि सीएसआरची कामं असतात, पण अशा जागा मोजक्याच. एडटेकचं आकर्षण कोविडनंतर ओसरलंय. बायजूजसारखी कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. नोकरीत असतानाच बाजूला काही सुरू करावं म्हटलं, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ खासगी शिकवणीला बंदी घालतं आणि जिल्हा परिषदेचे वर्तणूक नियम परवानगीशिवाय व्यवसाय करू देत नाहीत.

या जिल्ह्याच्या मातीत वेगळ्या प्रकारचा बदलही घडलाय. पुण्याच्या हुजूरपागेतली शिक्षिकेची नोकरी मागे ठेवून अनुताई वाघ १९४५ मध्ये ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या आणि पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी आयुष्यभर काम केलं. पेशा तोच राहिला, कामाची जागा आणि पद्धत बदलली. प्रत्येकाला तो त्याग परवडेल असं नाही, गृहकर्जाच्या हप्त्यांच्या काळात तर नाहीच. पण शाळा बदलणं, इयत्ता बदलणं किंवा प्राथमिककडून माध्यमिककडे जाणं हेही बदलच आहेत आणि त्यांची किंमत बरीच कमी असते.

झोप उडाली असेल, भूक मेली असेल, शाळेबाहेरही कशात मन लागत नसेल, तर तो केवळ बर्नआउट नसून नैराश्यही असू शकतं. नोकरी सोडून ते जाईलच असं नाही. अशा वेळी राजीनाम्याचा निर्णय थोडा पुढे ढकलून आधी डॉक्टरांना भेटणं बरं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे.